कापराच्या लाकडाचं कपाट

अमेरिकेतली कपाटं कपडे टांगणाऱ्या माणसांसाठी केलेली असतात. भिंतीत एक कोनाडा, त्यात आडवी दांडी, वर एक फळी, पुढे सरकती दारं. फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसमध्ये अशी तीन कपाटं होती आणि त्यातल्या एकातही सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या मावत नव्हत्या. आम्ही घड्या घालणारी माणसं. भिंतीपलीकडची चिनी माणसंही घड्या घालणारीच होती. हे माझ्या लक्षात आलं आणि माझा धंदा सुरू झाला. तो कसा बुडाला हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. सगळे ऐकून घेतात आणि शेवटी मलाच विचारतात, "पण तू उठून कशाला गेलीस?" म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

माझे वडील चंद्रपूरला एका सागवानाच्या वखारीत भाव करायला बसत. वखार त्यांची नव्हती, फक्त जीभ त्यांची होती. शाळा सुटली की मी तिथे ओंडक्यांवर बसून त्यांचं बोलणं ऐकायची. भाव जमला नाही की गिऱ्हाईक उठायचं, धोतर झटकायचं आणि फाटकाकडे चालू लागायचं. वडील त्याच्या पाठीकडे बघत बसायचे. मग फाटक येण्याच्या जरा आधी हाक मारायचे, "अहो, या इकडे." गिऱ्हाईक परत यायचं, दोघंही थोडे थोडे सरकायचे आणि लाकूड गाडीत चढायचं. वडील मला म्हणायचे, "जाणारा पाय पुढे टाकतो, पण कान मागे ठेवतो. ज्याचे कान मागे नाहीत, त्याला हाक मारू नये. तो खरंच चाललाय." मी ते चालणं ओळखायला शिकले. त्यांच्याकडून मला एवढंच मिळालं. बाकी सगळं मी माझं केलं.

शेजारच्या घरात एक आजी, तिचा मुलगा, सून आणि नात राहायची. मुलगा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. थंडी सरली की आजी घरातल्या सगळ्या रजया बाल्कनीच्या कठड्यावर उन्हात टाकायची आणि काठीनं धोपटायची. आमच्या घरमालकांच्या असोसिएशनला बाल्कनीत काही वाळत घातलेलं चालत नसे, त्यांचं पत्र यायचं. आजी त्या पत्राची छान चौकोनी घडी घालून खिडकीच्या फटीत खोचायची, म्हणजे वारा येत नसे.

तिला इंग्रजी जेमतेम यायचं आणि मला चिनी मुळीच नाही, तरी आमचे व्यवहार जोरात चालायचे. तिच्या वेलाची कारली मला हवी असायची आणि माझ्या कुंड्यांमधली कोथिंबीर तिला. कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून आम्ही बोटांवर भाव करायचो. तिची बोटं वेगळं मोजतात हे मला कळायला वेळ लागला. अंगठा आणि करंगळी उभी केली की तिच्याकडे सहा होतात. मी दोन समजले, आणि तिनं माझ्या अर्ध्या कुंड्या उपटून नेल्या. मी मराठीत भांडले, ती चिनीत भांडली, आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर कारल्यांची पिशवी ठेवलेली होती.

पटलं नाही की ती पाठ फिरवून चालू लागायची. मी हाक मारायची, "आजी." ती वळायची. कधी मी चालू लागायची, मग ती हाक मारायची, "लाओबान." म्हणजे दुकानाची मालकीण. तेव्हा माझं दुकान नव्हतं, ती थट्टेनंच म्हणायची. या देशात मला पाठीमागून हाक मारणारी ती एकटीच होती. बाकी सगळीकडे वस्तूवर भाव लिहिलेला असतो, आणि तुम्ही चालू लागलात की मागून म्हणतात, "हॅव अ नाइस डे."

ग्रीन कार्ड आलं, काम करायची परवानगी मिळाली, त्या वर्षीची गोष्ट. आमच्या रस्त्यावरची जुनी झाडं सिटीनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, तोडायला काढली. त्यांची मुळं फुटपाथ उचलत होती. एक झाड पाडलं आणि सगळ्या गल्लीत आरतीच्या तबकाचा वास सुटला. मी बाहेर धावले. ती झाडं कापराची होती. इतकी वर्षं मी त्यांच्याखाली गाडी लावत होते आणि मला पत्ता नव्हता. आजी माझ्याआधीच तिथे उभी होती. तिनं भुशाची मूठ भरून नाकाशी धरली होती. फांद्या यंत्रात जाऊन त्यांचा चुरा होत होता आणि ओंडकेही तसेच जाणार होते. आजी मला काहीतरी भराभर सांगू लागली. सून कामावरून आल्यावर तिनं त्याचा अर्थ सांगितला. आजीच्या गावाकडे मुलगी जन्मली की अंगणात कापराचं झाड लावायचे. मुलीचं लग्न ठरलं की ते तोडून त्याच्या दोन पेट्या करायचे, त्यात रजया भरायचे आणि पेट्या मुलीबरोबर सासरी पाठवायचे. त्या लाकडात कसर लागत नाही. आजीच्या पेट्या तिकडेच राहिल्या होत्या. इथे ती रजयांमध्ये डांबरगोळ्या घालायची आणि नात म्हणायची, "नायनाय, यू स्मेल लाइक अ क्लोसेट."

झाडं तोडणाऱ्या कंत्राटदाराशी मी भाव केला. त्याला ओंडके वाहून न्यायचा खर्च पडत होता आणि मी ते नेणार होते, म्हणजे त्यानं मला काहीतरी द्यायला हवं असं माझं म्हणणं होतं. तो आधी हसला. मग त्याच्याच ट्रकनं, त्याच्याच माणसांकडून ओंडके आमच्या गॅरेजसमोर पोचले. माझे यजमान म्हणाले, "तू लाकूड आणलंस की भांडण?" मी म्हटलं, दोन्ही.

एक माणूस फिरता आरा घेऊन येऊन फळ्या पाडून द्यायचा. त्या मी गॅरेजमध्ये, वखारीत बघितल्या होत्या तशाच रचल्या, मधे काड्या घालून, टोकांना मेण लावून, आणि सुकू दिल्या. तोवर कम्युनिटी कॉलेजात सुतारकाम शिकून घेतलं. वर्गात सगळे निवृत्त पुरुष होते आणि ते पक्ष्यांसाठी घरटी करायचे. मी कपाट करणार म्हटल्यावर मास्तर म्हणाले, आधी घरटं करून बघा. मी म्हटलं, माझ्याकडे पक्षी नाहीत, रजया आहेत.

ते कपाट मी डोक्यातून काढलं, कुठल्या पुस्तकातून नाही. खालचा भाग पेटीसारखा, त्यात जड रजया. वरचा भाग दारांचा, त्यात घडीचे कपडे, आणि फळ्या दोन बोटं विरळ, म्हणजे वास वरपर्यंत चढतो आणि हवा खेळते. दोन्ही भाग सुटे, दोन माणसांना उचलता येतील असे, कारण आमच्यासारखी माणसं दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतात. खाली पाय उंच, म्हणजे केरसुणी आत जाते. दाराला मूठ नाही, कडेला बोट अडकेल एवढी खाच. आतून रंग नाही, पॉलिश नाही, काही नाही. रस्त्यावर मेलेलं झाड आतून उघडं ठेवायचं, एवढाच माझा नियम होता.

पहिलं कपाट आजीनं घेतलं. ते घेताना ती माझ्याशी दुपारभर भांडली. चार वेळा गेली आणि चार वेळा परत आली. शेवटी भाव जमला तेव्हा तिनं माझ्या गालाला चिमटा काढला. कपाट घरात लागल्यावर तिनं त्यात रजया ठेवल्या आणि दार लावून समोर खुर्ची टाकून बसली.

मराठी लोकांनी मात्र माझं कपाट घेतलं नाही. क्युपर्टिनोहून एक काकू आणि काका बघायला आले. काकू म्हणाल्या, "अगं, हे उघडलं की रोज आरती झाल्यासारखं वाटेल." काका दार बंद करत म्हणाले, "आरती नाही गं, दुसरंच काहीतरी आठवतं." त्यांना कोणाची चिता आठवली होती ते मी विचारलं नाही. चहा देऊन त्यांना वाटेला लावलं.

चिनी घरांमध्ये मात्र ते पोचलं. त्याचं श्रेय आजीच्या मुलाला, आणि ते मी नाकारत नाही. मुलीला शनिवारी चिनी शाळेत सोडायला जायचा, तिथल्या आईबापांना तो सांगायचा. माझी चित्रं त्यानं कॉम्प्युटरवर नीट आखून दिली. कोणाच्या घरात कुठली भिंत, किती रजया, म्हातारी माणसं किती वाकू शकतात, हे मी घरोघरी जाऊन बघायची आणि तो मला त्यांचं बोलणं समजावून सांगायचा. रेल्वेरुळांजवळच्या एका गोडाउनचा कोपरा मी भाड्यानं घेतला. सिटीवाले आता झाड पाडायच्या आधी मला फोन करायचे. हाताला सतत कापराचा वास यायचा. जेवताना यजमान म्हणायचे, "पोळीला उदबत्ती लाव एकदा, म्हणजे पूजा पुरी होईल."

मग आजीच्या मुलाला चीनला परत जायचं वेड लागलं. त्या वर्षांत त्याच्यासारखे बरेच जण परत जात होते. शांघायजवळ नवे फ्लॅट हजारांनी बांधले जात होते आणि एका बिल्डरला त्यात आमचं कपाट बसवायचं होतं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी दोन दिवस हवेत होते. चंद्रपूरच्या वखारीत ओंडक्यावर बसणारी मुलगी, आणि तिचं कपाट चीनमधल्या घराघरात.

बोलणी त्याच्या गॅरेजमध्ये झाली, एका रविवारी संध्याकाळी. आम्ही इंग्रजीतच बोललो. तो म्हणाला, "एवढ्या कपाटांना भरीव लाकूड पुरणार नाही. दाबलेल्या भुशाचे बोर्ड वापरू. वरून लाकडाचा पातळ पापुद्रा."

"आणि वास?"

"आतून तेल फवारायचं."

"ते तेल वर्षभरात उडेल. मग त्यात आणि डांबरगोळीत फरक काय?"

"लोक वर्षभरानं वास घेत नाहीत. बघायला येतात तेव्हा घेतात."

"तुमच्या आईनं घेतला होता," मी म्हटलं. "दुपारभर घेतला होता."

तो हसला. शांत माणूस होता, तो चिडायचा नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. मी म्हटलं, रस्त्यावर मेलेली झाडं वाया जाऊ नयेत म्हणून मी हे सुरू केलं, तुमच्या बोर्डात कुठलं जंगल दळलेलं असेल ते देवाला माहीत. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण धंदा असा होत नाही. मी म्हटलं, मला धंदा शिकवू नका. मग मी उठले. "नो," म्हटलं. "असं असेल तर नो." आणि गॅरेजमधून बाहेर पडून माझ्या गाडीत जाऊन बसले. घर शेजारीच होतं, गाडीत बसायची काही गरज नव्हती. पण फाटकापर्यंत चालत जायचं असतं, आणि इथे फाटक नव्हतं.

मी किल्ली लावली नाही. गाडीत बसून आरशातून त्याच्याकडे बघत होते. माझ्या मनात पुढचं पाऊल ठरलेलं होतं. मागची बाजू, दोन्ही बाजू आणि दारं बोर्डाची झाली तरी चालतील, पण आतल्या फळ्या आणि पेटीचा तळ खऱ्या कापराच्या लाकडाचा हवा. चीनमध्येही रस्त्यांवर ती झाडं आहेत, तिथेही ती तोडतात, मी येऊन बघते, मी भाव करते. त्यानं हाक मारली असती तर मी एवढ्यावर आले असते. तोही थोडा सरकला असता. व्यवहार असाच होतो.

तो बाहेर आला. मला वाटलं, आला. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार होती. त्यानं एकेक करून कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला आणून ठेवले. माझ्याकडे बघून हात हलवला, नेहमीसारखा, प्रेमळपणे. मग आत गेला, आणि गॅरेजचं दार घरघरत खाली आलं.

वरच्या खिडकीत आजी उभी होती. तिनं सगळं बघितलं. पुढे सून मला किराणा दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, "आई त्याला सारखी सांगत होती, जा, तिला बोलव, ती गेलेली नाहीये. तो म्हणाला, आई, त्यांनी नो म्हटलं. इथे कोणी नो म्हटलं की आपण त्याचा मान ठेवतो."

मान. या शब्दावर मी वर्षानुवर्षं तळमळले आहे. माझा कोणी असा मान ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. मी जाणार नव्हतेच. ज्यानं हाक मारायची तो मी नव्हे. आठवडा गेला, महिना गेला. यजमान म्हणाले, "फोन कर ना यार, त्यात काय." मी त्यांना म्हटलं, तुम्ही आयुष्यात कधी काही विकलं आहे का? आजीचा मुलगा तिकडे गेला. पुढल्या वर्षी आमच्या एका गिऱ्हाईकबाईंनी शांघायहून आणलेलं चकचकीत माहितीपत्रक मला दाखवलं. तेच पाय, तीच दोन बोटं विरळ फळ्यांची ओळ, बोट अडकवायची तीच खाच. खाली चिनी अक्षरं. मी विचारलं, काय लिहिलंय. त्या म्हणाल्या, "आजीच्या पेटीचा सुवास." वकील म्हणाला, चित्रं तुमच्या नावावर कुठेच नाहीत, आणि साक्षीदार सांगतील की तुम्ही नो म्हणून निघून गेलात.

त्यानंतर चिनी शाळेतल्या आईबापांकडून फोन येईनासे झाले. मी स्वतः तिथे गेले, पण कोणाशी काय बोलणार. लोक म्हणायचे, बाई तापट आहे. असेन. तापट माणसाची वस्तू चोरायची परवानगी असते का? मग घरांचा बाजार कोसळला. आमच्या गल्लीत दारोदार विक्रीच्या पाट्या लागल्या. ज्यांना घर राहील की नाही याची खात्री नव्हती, ते कपाट कशाला घेतील. सिटीवाले फोन करायचे, झाड पाडतोय, येता का. मी नाही म्हणायला लागले. मग त्यांनी फोन करणं बंद केलं. ओंडके पुन्हा यंत्रात जाऊ लागले आणि गल्लीत वास आला की मी खिडक्या लावून घ्यायची.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मी गोडाउन रिकामं करत होते. हत्यारं विकली होती, फळ्या कोणीतरी जळणाला नेल्या होत्या. एक कपाट उरलं होतं. दुपारी दार ढकलून आजी आत आली. बाहेर गाडीत सून थांबलेली दिसत होती. ती माणसंही आता मुलाकडे कायमची चालली होती, हे मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी मी आजीला दिलेलं कपाट त्यांनी घराबरोबरच विकलं होतं.

आजीनं उरलेल्या कपाटाभोवती एक फेरी मारली. खाचेत बोट घालून दार उघडलं, आत डोकं घातलं, बाहेर काढलं. "नो गुड," ती म्हणाली. तिची सुरुवात नेहमी अशीच असायची. मग तिनं बोटं वर केली, अगदी हास्यास्पद भाव, बघितल्यावर मी ओरडावं असा. आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

ते कपाट ती नेणार कुठे होती? विमानात? तिकडे तिच्या घरात तर माझंच कपाट बसवलेलं असणार, भुशाचं. हे सगळं मला त्याच वेळी दिसत होतं. ती कपाटासाठी आली नव्हती, हेही दिसत होतं. पण माझ्यात तेव्हा भाव करायचं बळ नव्हतं, आणि राग तर काठोकाठ होता.

"फ्री," मी म्हटलं. "टेक." आणि मग मराठीत म्हटलं, "घेऊन जा फुकट. बाकीचं तुझ्या मुलानं नेलंच आहे."

मराठी तिला कळलं नसेल. फ्री कळलं. तिनं दारावरचा हात काढून घेतला. उन्हाळा असून तिनं स्वेटर घातला होता, त्याची बटणं तिनं लावली, सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग पाठ फिरवून दाराकडे चालू लागली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. गोडाउन लांबलचक होतं, हाक मारायला भरपूर वेळ होता. पण मला ते चालणं ओळखता येतं. तिचे कान मागे नव्हते.

ते कपाट आमच्या गॅरेजमध्ये आहे. त्यात गोधड्या आहेत. दार उघडलं की माझी मुलगी म्हणते, "आई, क्लोज इट, प्लीज." वास अजून गेलेला नाही. शेजारी नवी माणसं राहायला आली आहेत, कपडे टांगणारी. बाल्कनीत काही वाळत घालत नाहीत. असोसिएशनकडून त्यांना एकही पत्र आलेलं नाही.